कोरड्या कड्याला तिथी नसते

ठाण्याच्या खाडीकाठी भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. त्या दिवशीची तिथी पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला अकरा-बारा. खाडीच्या तोंडाशी आणि आतल्या बाजूला थोडे मागेपुढे होते, पण उधाण कधी आणि भांग कधी हे सांगायला पाणी पाहावेही लागत नाही, पंचांग पुरते. बोनकोडे हे याच पट्ट्यातले गाव. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले आणि बोनकोडे कोपरखैरण्याच्या सेक्टरांमध्ये वेढले गेले. तरी भूगोल बदलला नाही. पश्चिमेला खाडी आहे. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, कारखान्यांचा पट्टा आणि त्यामागे पारसिकची रांग. पावसाळ्यात त्या रांगेवरून, गवळीदेवाच्या बाजूने, पाणी कोसळताना दिसते. पण तो कातळ चढण्याजोगा कोरडा कधी होईल, हे कोणत्याही तिथीला पाऊणपट करून निघत नाही. खाडीचे पाणी चंद्राच्या हिशेबाने चालते आणि कातळातले पाणी मागच्या तीन महिन्यांच्या हिशेबाने. हिवाळी डोंगरात बर्फाचा कडा चढावा की परतावे, हा जगभरच्या गिर्यारोहकांना छळणारा प्रश्न समजून घ्यायचा तर हाच भेद हाताशी हवा. महाराष्ट्रात बर्फाचे कडे नाहीत, पण कड्याची अवस्था पारखण्याला इथे मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास सांगतो की ही विद्या गणिताची नसून मुक्कामाची आहे.

पहिला पुरावा किल्ल्यांचा. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री घेतला गेला, माघ वद्य नवमीला. घोरपडीची गोष्ट पोवाड्यांतून घराघरांत पोचली. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मात्र घोरपड नाही. तिथे निवडक दोन मावळे वानरासारखे कडा चढून जातात आणि वरून माळ लावून बाकीच्यांना घेतात. गिर्यारोहकाच्या नजरेने पाहिले तर बखरीतले वर्णन अधिक पटणारे आहे, कारण आजही अवघड कडा असाच चढला जातो: आधी दोघे, मग दोर, मग उरलेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, ६ मार्च १६७३ च्या रात्री, कोंडाजी फर्जंद अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळ्याच्या कड्यावरून चढला. एक माघ, एक फाल्गुन. उलट जुलै १६६० मध्ये, ऐन आषाढात, पन्हाळ्यावरून शिवाजी महाराज निसटले तेव्हा पावसाचा आडोसा उपयोगी पडला. पण ते वाटेने उतरून जाणे होते, कडा चढणे नव्हे. पावसाळी रात्री त्याच किल्ल्याच्या कातळाला कुणी हात घातला असता तर इतिहासात त्याची नोंद करायला फारसे काही उरले नसते.

यावर लष्करी इतिहासाचा अभ्यासक लगेच म्हणेल की मोहिमा दसऱ्यालाच निघत. नद्या उतरलेल्या असत, घोड्यांना चारा असे, शेतीतली माणसे मोकळी होत. त्यात कड्याच्या कोरडेपणाचा संबंध कुठे आला? आक्षेप रास्त आहे, आणि दोन रात्रींवरून नियम बांधता येत नाही हेही मान्य. पण सीमोल्लंघन अश्विनात होते आणि या दोन्ही चढाया त्यानंतर चार-पाच महिन्यांनी झाल्या. मधल्या काळात नद्या तशाच उतरलेल्या होत्या, चाराही होता. राजकीय कारणे अर्थातच होती, हातचे गेलेले किल्ले परत घ्यायचे होते. तरी कड्याने चढण्याचा बेत आखणाऱ्याला अश्विन-कार्तिक आणि माघ-फाल्गुन यांतला फरक ठाऊक नसेल हे संभवत नाही. माघ वद्य नवमीची तिथी त्याला एवढेच सांगते की मध्यरात्रीनंतरपर्यंत चंद्र उगवणार नाही. कडा कसा आहे हे सांगणारे कुणी तरी त्या मावळात राहणारेच असावे लागते.

हा फरक कशाने पडतो ते सह्याद्रीच्या दगडातच आहे. हा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. काही थर घट्ट आणि भेगाळ, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. पावसाचे पाणी वरच्या थराच्या भेगांतून खाली मुरते, तांबड्या पट्ट्यावर अडते आणि आडवे सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर येते. गडांवरची टाकी आणि बारमाही झरे याच सांध्यांवर सापडतात. पाणी शोधणाऱ्या स्थपतींना ही रेघ चांगली माहीत होती. चढणाऱ्याला मात्र तीच रेघ घातक. माथ्यावरचे गवत ऑक्टोबरच्या उन्हात पिवळे पडते, खालून पाहणाऱ्याला कडा सुकला असे वाटते, आणि अर्ध्यावर पोचल्यावर हाताला शेवाळ लागते. उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्याला हिवाळ्यात ऊन जेमतेम लागते, म्हणून तिथला पाझर दक्षिणेकडच्या कड्यापेक्षा पुष्कळ उशिरा आटतो. हस्ताचा पाऊस लांबला, स्वातीत एखादी सर येऊन गेली, तर सगळा हिशेब पुढे सरकतो. घळीतला मुरूम पाणी धरून असतो तोवर दगडाला चिकटून राहतो आणि वाळला की सुटतो, म्हणजे जो कोरडेपणा कातळावर हवासा तोच घसाऱ्यावर नकोसा. एकाच कड्यावर या दोन्ही गोष्टी असतात. त्यात आग्या माश्यांचे पोळे कुठे बसले आहे ही तिसरी गोष्ट, जी दर वर्षी बदलते.

मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत सुळक्यांवर आणि कड्यांवर दोर लावून चढण्याचा खेळ इथे रुजला. त्या खेळाचे इतिहास लिहिताना आपण पहिल्या चढायांच्या तारखा आणि नावे लिहितो, ते योग्यच आहे. पण त्या तारखांआधी पायथ्याच्या वाडीत काय बोलणे झाले असेल ते सहसा लिहिले जात नाही. महादेव कोळी, ठाकर, धनगर यांच्याकडून ‘कोणती नाळ अजून वाहते’, ‘कुठे दगड सुटला’ ही माहिती मिळवल्याशिवाय सह्याद्रीत पाऊल पुढे पडत नाही. शनिवारी रात्रीच्या शेवटच्या गाडीने कर्जत-कसाऱ्याला उतरणाऱ्या मुंबईकराला एक फायदाही होता: त्याच्या घराच्या पत्र्यावर तोच पाऊस पडलेला असे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ओला की कोरडा याचा ढोबळ अंदाज त्याला घरबसल्या येई, कारण गेले चार महिने तो त्याच हवेत राहिला होता. पुढच्या शनिवारी पुन्हा जाता येते, हा दुसरा फायदा. परत फिरण्याची किंमत एका तिकिटाइतकीच असली की माणूस शहाण्यासारखा परत फिरतो.

आता बर्फाकडे. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत कधी कधी पहाटे दिसणारा पांढरा थर; दव गोठून झालेला, ऊन वर येताच नाहीसा होणारा. वर्तमानपत्रे त्याला हिमकण म्हणतात आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. थट्टा करण्यासारखी गोष्ट वाटते, पण यंत्राआधीच्या हिंदुस्थानात याच क्रियेवर एक आख्खा धंदा चालत असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचे वर्णन मांडले. अलाहाबादकडे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान दोन-एक फूट खोल, ऐसपैस खड्डे खणत. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरत. त्यावर बिनझिलईच्या, इंचभर खोलीच्या मातीच्या ताटल्या मांडून संध्याकाळी त्यांत पाणी ओतत आणि सूर्योदयाआधी त्यावरचा बर्फ गोळा करत. हवेचे तापमान शून्याखाली नसतानाही, आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, निश्चल असेल तर पाणी आकाशाकडे उष्णता टाकून गोठते. ढग आले की रात्र वाया. डिसेंबर लागला म्हणून रोज बर्फ मिळत नसे. शेकडो ताटल्या भरायच्या की नाही हे त्या संध्याकाळची हवा जोखूनच ठरवावे लागे. तारीख हंगाम सांगते, रात्र सांगत नाही.

गोठलेला धबधबा चढणाऱ्याचे कामही याच जातीचे, फक्त चूक झाली तर ताटल्या रिकाम्या राहण्यावर भागत नाही. चांगल्या बर्फाला झिरपते पाणी आणि सलग, बेताची थंडी लागते. एका कडाक्याच्या रात्रीत धबधब्यावर कवच चढते, पण मागे पाणी वाहतच असते आणि ते कवच माणसाचे वजन घेत नाही. थंडी एकाएकी फार वाढली तर बर्फ आकसून ताणला जातो, ठिसूळ होतो, हिमकुऱ्हाडीच्या घावाने त्याच्या ताटाएवढ्या चकत्या उडतात. दोन दिवस हवा उबदार झाली तर बर्फ दगडापासून सुटतो; समोरून तो तसाच भक्कम दिसतो, मागे मात्र बोट शिरेल एवढी फट पडलेली असते. निळसर बर्फ घट्ट, पांढऱ्यात हवा कोंडलेली, असा डोळ्यांचा ठोकताळा आहे आणि तो खोटा नाही. पण तो अपुरा आहे. समोरचा निळा बर्फ कालच्या उन्हाबद्दल काही सांगत नाही. सह्याद्रीचा कडा आणि गोठलेला धबधबा यांच्यात दगड-पाण्याचा फरक असला तरी दोन्हीकडे धोका दिसणाऱ्या पृष्ठभागात कमी आणि दोन थरांच्या सांध्यात जास्त असतो. उतारावर साचलेल्या हिमाबाबत तर हे अधिकच खरे. हिमप्रपात होतो तेव्हा बहुधा वरचा थर खालच्या एखाद्या कमजोर थरावरून घसरतो, आणि तो कमजोर थर तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या निरभ्र, थंड रात्रींनी घडवलेला असू शकतो. आज सकाळी तिथे पोचलेल्याला तो दिसणार कसा? खड्डा खणला तर दिसेल, पण कुठे खणायचा हेही मागच्या महिन्याचा वारा कुठून वाहत होता यावर ठरते.

म्हणूनच बर्फचढाईची परंपरा जगात उंच डोंगर असलेल्या प्रत्येक ठिकाणी उगवली नाही. तिचे एक मोठे माहेर स्कॉटलंडचा बेन नेव्हिस आहे, १३४५ मीटरचा; म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईहून बुटका. तिथे १९०६ मध्ये हॅरल्ड रेबर्न यांनी ग्रीन गली हा बर्फाळ घळीचा मार्ग चढला, तोही हिमकुऱ्हाडीने पायऱ्या खोदत. १९२९ मध्ये त्याच कड्यांच्या पायथ्याशी दगडी झोपडी बांधली गेली आणि शनिवार-रविवारचे चढणारे तिथे मुक्कामाला राहू लागले. आठवडे ओलांडत त्याच घळीचे गोठणे-वितळणे पाहता येणे, ही त्या परंपरेची भांडवली गुंतवणूक. आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे उदाहरण लडाखची चादर, म्हणजे गोठलेली झंस्कार नदी. आज जानेवारी-फेब्रुवारीत पुण्या-मुंबईचे ट्रेकर तिथे मोठ्या संख्येने जातात, पण बर्फ पारखतो तो झंस्करी वाटाड्याच, हातातल्या काठीने ठोकून. आवाज भरीव की पोकळ हे पाहुण्यालाही ऐकू येते. त्या वळणावर काल काय आवाज आला होता हे मात्र त्यालाच माहीत असते.

इथे आजच्या वाचकाच्या मनात येणारा आक्षेप असा की हे सगळे उपग्रहांपूर्वीचे झाले. आता तासागणिक वाऱ्याचा आणि तापमानाचा अंदाज मोबाइलवर येतो, मग मुक्कामाची मिजास कशाला? आक्षेपात तथ्य आहे. एव्हरेस्टसारख्या शिखरांवर चढाईचा दिवस आज अंदाजावरच ठरतो आणि त्याने पुष्कळ जीव वाचले आहेत. पण अंदाज हवेचा असतो, उताराचा नव्हे. ज्यांनी उताराचा अंदाज द्यायला सुरुवात केली त्यांनी तो कसा दिला ते पाहण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर १९३६ साली हिमाचा अभ्यास सुरू झाला आणि १९४५ पासून तिथली संस्था हिमप्रपाताचे इशारे देऊ लागली. त्यामागे गावोगावची निरीक्षक माणसे होती, रोज सकाळी ताज्या हिमाची जाडी मोजणारी. म्हणजे मुक्कामाची विद्या रद्द झाली नाही, ती वाटून घेतली गेली. भारतात १९६९ मध्ये मनालीला हिम आणि हिमप्रपात अभ्यासाची लष्करी संशोधन संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्या भू-माहिती संस्थेत विलीन झाली. तिचे काम मुख्यतः सैन्याच्या वाटांसाठी आणि रस्त्यांसाठी. हिमालयातली सगळी शिखरे आणि घळी आल्प्सइतक्या दाट निरीक्षणाखाली नाहीत, आणि असा विस्तार पाहता लवकर येतील असेही नाही.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमप्रपात कोसळला आणि पंचवीसहून अधिक जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या, ज्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट चढले होते. शिखर नेहमीच्या सरावातले होते. कुणाला दोष देण्यासाठी ही घटना इथे आणलेली नाही. ज्या उतारावर वर्षानुवर्षे माणसे सुखरूप जातात तो त्या आठवड्यात वेगळा असू शकतो, आणि उताराची ओळख म्हणजे त्या आठवड्याची ओळख नव्हे, एवढेच तिच्यातून दिसते. माझ्या मांडणीलाही ती अडचणीची आहे हे लपवून उपयोग नाही, कारण तिथे राहणाऱ्यांनाही डोंगराने चकवले. मुक्काम ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही.

मराठी गिर्यारोहकांचे हिमालयातले यश हा उलट बाजूचा आक्षेप. बर्फ न पाहता वाढलेल्या माणसांनी तिथे काय कमी केले? हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी एव्हरेस्टवर पोचले. पुण्याची ‘गिरिप्रेमी’ उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्टवर गेली आणि १५ मे २०१९ रोजी त्यांच्या दहा जणांनी कांचनजुंगा गाठले. मग मुक्कामाची विद्या कुठे आडवी आली? आडवी आली नाही, कारण ती विकत आणि उसनी घेतली गेली. अशा मोहिमा दीड-दोन महिने तळावर राहतात. विरळ हवेची सवय करून घेणे हे त्याचे कारण सांगितले जाते, पण त्याच दिवसांत रोजचा वारा, रोजची पडझड डोळ्यांखालून जाते. उरलेली उणीव शेर्पा भरून काढतात. खुंबू हिमधबधब्यात दर हंगामात शिड्या आणि दोर लावणाऱ्या शेर्पांना ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात, ते उगीच नव्हे. आणि तरी १८ एप्रिल २०१४ रोजी त्याच हिमधबधब्यावर बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. वर टांगलेला बर्फ त्यांना ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? ठाऊक होता, पण दिवस निवडणे त्यांच्या हातात नव्हते. कर्जतहून शनिवारी परत फिरणाऱ्याला जी मोकळीक होती, ती हंगामी मजुरीवर ओझी वाहणाऱ्याला नसते. पंधरा दिवसांची रजा, आरक्षित तिकीट आणि वर्गणीतून जमवलेला खर्च घेऊन हिमालयात गेलेल्या हौशी मराठी गटालाही ती फारशी नसते. तो गट बर्फाकडे भरतीसारखे पाहू लागतो: अमुक तारखेला तळ, अमुक तारखेला माथा.

नवी मुंबईत या गोष्टीने आणखी वेगळे वळण घेतले. गिरिविहारने बेलापूरच्या डोंगरातल्या कातळांवर वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, त्याही थंडीत, कारण घामट हातांना दगड धरत नाही. मग याच शहरात मे २०१६ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतली भारतातली पहिली फेरी झाली आणि जून २०१७ मध्ये दुसरी. मे आणि जून! सह्याद्रीत चढणाऱ्या जुन्या माणसाने कपाळाला हात लावला असता. पण कृत्रिम भिंतीला पाझर नसतो, तांबडा पट्टा नसतो, पोळे नसते. पकडी रात्रीतून बदलता येतात आणि तारीख वर्षभर आधी जाहीर करता येते. चढाईचे कौशल्य अवस्थेच्या पारखीपासून प्रथमच पूर्णपणे सुटे झाले, आणि त्यातून आज इथे तयार होणारी मुले आधीच्या पिढीपेक्षा अंगाने कितीतरी सरस चढतात. त्यांतली काही उद्या स्पितीत गोठलेल्या धबधब्यांवर जातील; काही जाऊही लागली असतील. हाताची ताकद ती इथून घेऊन जातील. धबधब्याचे गेले पंधरा दिवस मात्र तिथल्याच कुणाला तरी विचारावे लागतील, आणि उत्तर ‘आज नको’ असे आले तर परतीचे तिकीट पुढे ढकलता येते की नाही, हे बोनकोड्यातून निघतानाच ठरलेले असेल.